पश्चिमेच्या भिंतीचा वृक्ष

गोंदिया जिल्हा हा वृक्षांचा जिल्हा आहे. आणि तरीही ज्या दिवसांत माणसाला वृक्षाच्या छायेची खरी निकड भासते, नेमक्या त्याच दिवसांत त्याची बहुसंख्य झाडी उघडी पडलेली असते. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा झाडीपट्टीचा मुलूख, ज्याच्या अरण्याला २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, वर्षाऋतूत आणि शरदात इतका घनदाट हिरवा असतो की या भूमीला छायेची उणीव कधी पडू शकेल, असे नवख्या प्रवाशाच्या मनातही येणार नाही. परंतु माघ सरू लागला की साग पाने टाकू लागतो. ज्याच्यात गोंड समाज आपल्या बडादेवाचे वास्तव्य मानतो तो साजा उघडा होतो. पळस निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले धारण करतो. मोहाखाली फुलांचा सडा पडतो तेव्हा त्याच्या माथ्यावर पाने जवळजवळ नसतात. पुढे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सागाखाली उभ्या असलेल्या माणसावर फांद्यांच्या रेषांपलीकडे काहीच सावली पडत नाही.

हा निसर्गाचा दोष नव्हे. ती त्याची काटकसर आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो खरा, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत वृक्षाला जमिनीत मुरलेल्या ओलीवर गुजराण करावी लागते. पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा सतत व्यय होत असल्यामुळे, ज्याची मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचत नाहीत असा वृक्ष पानेच टाकून देतो आणि आपला जीव राखतो. म्हणूनच वनशास्त्राने या अरण्याची गणना उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडी वनांत केली आहे. घराशेजारी मोठे सदाहरित झाड लावू पाहणारा गोंदियाचा गृहस्थ येथील सर्वसामान्य नियमाविरुद्ध काही मागत असतो, ही गोष्ट त्याने आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

तथापि याच अरण्यात त्या नियमाचे अपवादही आहेत, आणि ते कोठे आहेत हे पाहिले की निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो. नाल्याच्या काठाने, नदीच्या दरडीवर, तलावाच्या पाळीवर, जेथे मुळांना बारमाही ओल लाभते तेथे, भर वैशाखात हिरवी पट्टी दिसते. आणि त्या पट्टीत जांभूळ असतो, अर्जुन असतो, करंज असतो, आंबा असतो. आंब्याची रीत तर पाहण्यासारखी आहे. त्याची सर्व पाने एकदम गळत नाहीत आणि एकदम फुटतही नाहीत. एका फांदीवर तांबूस कोवळी पालवी लोंबत असते तेव्हा दुसरी फांदी गतवर्षीची जाड, गर्द पाने धरून स्वस्थ असते, आणि अशा रीतीने आळीपाळीने नवे होत गेल्यामुळे संपूर्ण वृक्ष कधीच उघडा पडत नाही.

याखेरीज एक मधला वर्ग आहे, ज्याला वनस्पतिशास्त्र काटेकोरपणे सदाहरित म्हणणार नाही, पण गृहस्थाने ज्याची उपेक्षा करू नये. कडुनिंब, करंज, चिंच आणि कुसुम ही झाडे शिशिराच्या अखेरीस पाने बदलतात. काही दिवस विरळ होतात. परंतु चैत्र लागेपर्यंत त्यांची नवी पालवी आलेली असते आणि वैशाखात ती ऐन भरात असतात. जो वृक्ष माघात पंधरा दिवस उघडा राहतो आणि वैशाखात गर्द होतो, तो छायेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरत नाही. म्हणून घरासाठी झाड निवडताना ते बारमाही हिरवे आहे काय, हा प्रश्न दुय्यम मानावा आणि वैशाख-ज्येष्ठाच्या दुपारी तीन वाजता ते किती गर्द असते, हा प्रश्न प्रथम विचारावा. सदाहरिताचे माहात्म्य आहे ते त्या परीक्षेत तो निश्चितपणे उत्तीर्ण होतो म्हणून.

या प्रश्नाची तीव्रता आपल्या डोळ्यांदेखत वाढली आहे, कारण घरे बदलली आहेत. जाड मातीच्या भिंती, वर कौले, कौलांखाली बांबू आणि लाकडाचा सांगाडा, पुढे छपरी आणि मागे वाडी, अशी या भागातील जुनी घरे उन्हाला सहजी आत येऊ देत नसत. आता त्यांच्या जागी विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब आला आहे. तो टिकाऊ आहे, पावसाळ्यात गळत नाही, दरवर्षी कौले फेरण्याचा त्रास वाचतो, आणि ज्याने तो बांधला त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत ती उष्णता रात्री आत सोडतात, आणि कुलर चालू असूनही माणसे अंगणात खाट टाकून झोपतात. भिंतीवर ऊन पडल्यानंतर आतली हवा गार करणे हा उपाय खर्चाचा; ते ऊन भिंतीवर पडूच न देणे हा उपाय वृक्षाचा.

यासाठी सूर्याचा मार्ग समजून घेतला पाहिजे. गोंदिया शहर सुमारे साडेएकवीस अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास येथे माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही. खरा मारा होतो तो दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर, कारण तेव्हा सूर्य पश्चिमेस किंचित उत्तरेकडे झुकत खाली येतो, आणि जूनमध्ये तर पश्चिम बिंदूच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेस मावळतो. मेच्या अखेरीस दहा मीटर उंचीच्या झाडाची सावली दुपारी तीनच्या सुमारास सुमारे नऊ मीटर, आणि चारच्या सुमारास साडेचौदा मीटर लांब पडते. असे झाड पश्चिमेच्या भिंतीपासून आठ मीटरांवर असेल, तर तिनाला त्याची छाया भिंतीच्या पायथ्याशी पोहोचते आणि चारला साडेचार मीटर उंचीपर्यंतची भिंत तिने झाकलेली असते. म्हणजे एकमजली घराची सारी पश्चिम बाजू उन्हाच्या सर्वांत दाहक प्रहरात झाडाच्या आश्रयाला येते.

हिवाळ्याचा विचारही याच हिशेबात करावा लागतो, कारण सदाहरित वृक्ष जशी वैशाखात छाया देतो तशी ती पौषातही देतो, आणि पौषात या भागातील थंडी अंगावर काटा आणणारी असते. त्या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस पंचेचाळीस अंशांवरच राहतो. त्यामुळे दक्षिणेस लावलेले गर्द झाड अंगणातील ते हवेहवेसे ऊन हिरावून घेते, जेथे धान वाळायचे असते, जेथे लहान मुलांना न्हाऊ घालायचे असते, जेथे वृद्ध माणसे सकाळी शेकत बसतात. पश्चिमेच्या झाडाचा असा उपद्रव जवळजवळ होत नाही. म्हणून दक्षिण मोकळी ठेवावी, आणि मोठा वृक्ष पश्चिमेस, शक्य तर किंचित वायव्येकडे सरकवून लावावा.

अंतराविषयी आपल्या परंपरेत फार जुना आणि आश्चर्यकारक रीतीने अचूक निर्णय आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात झाडाझाडांतील अंतर वीस हात असावे ते उत्तम, सोळा हात मध्यम, आणि बारा हातांहून कमी असू नये, असा दंडक घालून दिला. वीस हात म्हणजे सुमारे नऊ मीटर. आणि आंब्याच्या पारंपरिक बागेत आजही दोन झाडांत दहा मीटरांच्या आसपास अंतर ठेवतात. हाच दंडक झाड आणि भिंत यांच्यातही पाळला, तर फांद्या स्लॅबवर घासत नाहीत, वादळात घरावर कोसळण्याचे भय कमी होते, आणि पायालाही धोका पोहोचत नाही.

पायाचा विषय निघाला म्हणजे जमिनीचा विचार आलाच. या भागातील शेतकरी आणि बंदोबस्ताचे जुने दप्तर जमिनीची विभागणी कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी अशा नावांनी करीत आले आहेत, आणि झाड निवडण्यासाठी हे वर्गीकरण आजही उपयुक्त आहे. काळी कन्हार पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोठ्या झाडाची मुळे तिच्यातील ओल ओढून घेतात तेव्हा ती अधिकच आकसते आणि भिंतीला तडे जातात, म्हणून अशा जमिनीत झाड आणि घर यांतील अंतर अधिक ठेवणे हेच शहाणपण. मोरंड त्या मानाने सौम्य. सिहार हलकी, पिवळसर, धानाला मानवणारी. तिच्यात पाणी साचून राहते तेथे पाण्यात पाय रोवून उभे राहू शकणारे झाड पाहिजे. बर्डी खडकाळ आणि निचऱ्याची. तिच्यात प्रत्येक झाडाला पहिली काही वर्षे पाणी घालून वाढवावे लागते.

आता सध्या काय लावले जाते ते पाहिले तर खेद वाटतो. नव्या बंगल्याच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना सरळसोट हिरवा अशोक उभा केला जातो, जो खऱ्या सीतेच्या अशोकाहून वेगळा आहे आणि ज्याच्या फांद्या खोडाला चिकटून खाली झुकलेल्या असल्यामुळे त्याची छाया त्याच्या स्वतःच्या बुंध्यापलीकडे जात नाही. गुलमोहर मादागास्करहून आला. त्याचे सौंदर्य वादातीत आहे, परंतु फुलण्याच्या ऐन वेळी त्याची पाने विरळ असतात, मुळे उथळ जातात आणि मृगाआधीच्या वादळात तो उन्मळून पडतो. अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष प्रचंड छत्र पसरतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे त्याची जागा प्रशस्त मैदान हीच आहे. अलीकडे शहरांतून झटपट हिरवळ हवी म्हणून कोनोकार्पस नावाच्या परदेशी सदाहरित झाडाची चलती झाली, आणि २०२३ साली गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. ज्या झाडाची पारख आपल्या मातीत दोनतीन पिढ्यांनी केलेली नाही, ते केवळ लवकर वाढते एवढ्या गुणावर घराशेजारी आणणे उचित नव्हे.

वड आणि पिंपळ यांच्याविषयी पूज्यभाव ठेवूनच असे म्हटले पाहिजे की त्यांची जागा घराशेजारी नाही. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात, माणसांना आणि पशूंना छाया मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे आणि आमराया उभारल्याचे नमूद केले आहे; आणि वडाची योग्य जागा तीच, म्हणजे रस्ता, चावडी, तलावाची पाळ, गावाची शीव. ज्याच्या पारंब्या भूमीत उतरून नवी खोडे होतात आणि ज्याची मुळे विटांच्या सांध्यांतून शिरतात, त्याला एका कुटुंबाच्या कुंपणात कोंडणे त्याच्यावरही अन्याय आणि घरावरही.

या जिल्ह्याला वृक्षलागवडीची स्वतःची थोर परंपरा आहे, आणि ती तलावांच्या परंपरेशी निगडित आहे. कोहळी समाजाचे तलाव बांधण्यातील कौशल्य रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदलेले आहे, आणि नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. मालगुजारीच्या काळात गावोगाव असे तलाव आणि बोड्या निर्माण झाल्या. पाळीवर, विहिरीच्या कडेला आणि वाड्यामागे आमराया उभ्या राहिल्या. गावाच्या वाजिब-उल-अर्जात चराई, सरपण, फळे यांविषयीची वहिवाट लिहिली जाई, आणि निस्ताराच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या वापराच्या, हक्काने गावकरी झाडांचा उपभोग घेत. जबलपूर-सागर भागात अधिकारी असलेल्या स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की आमराई लावणारा गृहस्थ तिच्यातील एका आंब्याचे चिंचेशी किंवा दुसऱ्या एखाद्या झाडाशी विधिपूर्वक लग्न लावल्यावाचून तिचे फळ तोंडात घालीत नसे. १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे स्वामित्व संपुष्टात आले, आणि ते न्याय्यच झाले. परंतु झाड नातवासाठी लावायचे असते, ही त्या काळची दृष्टी मालगुजारीबरोबर जाण्याचे काही कारण नव्हते. आजही या भागातल्या एखाद्या वाडीत शिरून, “काकाजी, हा आंबा कोणाच्या हातचा?” असे विचारले, तर “आमच्या आजोबाच्या हातचा,” असे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरात दाखल्याच्या कोणत्याही कागदापेक्षा अधिक अभिमान असतो.

ज्या जमिनीतून पाणी निथळून जाते, तेथे माझा निःसंदिग्ध कौल गावरान आंब्याला आहे. कलमी आंबा बुटका राहतो आणि लवकर फळतो; ज्याला फळच हवे त्याने तो अवश्य लावावा. परंतु जागच्या जागी कोय रुजवून वाढवलेला गावरान आंबा आपले सोटमूळ अखंड खाली सोडतो, वादळाला अधिक खंबीरपणे तोंड देतो, पंधरा मीटरांहून उंच वाढतो, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ छाया देतो. तो महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आहे ही गोष्ट गौण. त्याच्या कैरीचे लोणचे आणि पन्हे, दारावरचे तोरण आणि मंगलकलशातील पाने ज्या घराला दारातच मिळतात, त्या घराचा संसार त्याच्याशी बांधला जातो, ही गोष्ट महत्त्वाची.

ज्या जमिनीत पाणी साचते, बांद्यांच्या काठाशी, कालव्याजवळ, तलावाच्या खालच्या अंगाला जे घर आहे, तेथे जांभूळ लावावा. वराहमिहिराने भूमिगत जलाच्या लक्षणांत जांभळाची गणना केली आहे, आणि ज्याने नाल्याकाठचा जांभूळ पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. त्याची पाने तुळतुळीत आणि गर्द, त्याची छाया घन, आणि काही काळ मुळाशी पाणी तुंबले तरी तो दगावत नाही. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. ज्येष्ठात त्याखालची फरशी जांभळ्या डागांनी भरते, रात्री वटवाघळे येतात, आणि त्याच्या फांद्या सोसाट्याच्या वाऱ्यात मोडतात. म्हणून त्याच्याखाली फरशी करू नये, गाडी उभी करू नये, आणि स्लॅबकडे झुकणाऱ्या फांद्या लहान असतानाच उतरवाव्यात. मुलांच्या जांभळ्या जिभा पाहण्याचे भाग्य मात्र दुसऱ्या कोणत्याही झाडाने लाभत नाही.

जागा आखूड असेल तर बकुळ लावावी. ती सावकाश वाढते, आणि हाच तिचा गुण आहे. तिचे गोल, घट्ट छत्र लहान अंगणात शोभते, ती कधीही उघडी पडत नाही, आणि तिची फुले वाळल्यावरही आपला सुगंध गमावीत नाहीत. बर्डीसारख्या कोरड्या जमिनीत, जेथे पाण्याची निगा राखणे अशक्य आहे, तेथे कडुनिंबाला पर्याय नाही. तो काटेकोर अर्थाने सदाहरित नसला तरी वैशाखाच्या परीक्षेत तो पहिल्या श्रेणीत उतरतो.

निवड करताना एका कायदेशीर बाबीची जाणीव असावी. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत आंबा, जांभूळ, मोह, चिंच, फणस यांचा समावेश आहे. म्हणजे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतले असे झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम लागू आहे. हे बंधन जाचक वाटून कोणी झाडच लावू नये असे नाही. उलट जागा निवडताना विजेच्या तारा, विहीर, संडासाची टाकी आणि पुढेमागे वाढवावयाच्या खोल्या यांचा विचार आधीच करावा, म्हणजे ती परवानगी मागण्याचा प्रसंग येणार नाही.

सर्वांत अधिक निकड आहे ती ज्यांना जागा सर्वांत कमी आहे त्यांना. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतील घरकुलाचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर आहे. एवढ्या घराभोवती नऊ मीटरांचे अंतर कोठून आणावे? याचे उत्तर शेजाऱ्यांच्या एकोप्यात आहे. ज्या ओळीत घरे पूर्व-पश्चिम रांगेने उभी आहेत, तेथे माझ्या पूर्वेचे झाड पूर्वेच्या शेजाऱ्याची पश्चिम भिंत झाकते आणि माझी भिंत पश्चिमेचा शेजारी झाकतो. दोनतीन घरांमिळून, गल्लीच्या कडेला किंवा सामायिक मोकळ्या जागेत एक जांभूळ किंवा कडुनिंब लावला आणि त्याची राखण वाटून घेतली, तर त्याची छाया कोणाच्या सातबाऱ्यावर नोंदवण्याचे प्रयोजन उरत नाही. ग्रामपंचायतींनी घरकुलांच्या वस्त्या आखताना अशा झाडांसाठी जागा प्रथम राखून ठेवावी आणि मग घरांच्या हद्दी आखाव्यात, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

लागवडीची रीत सोपी आहे, पण तिच्यात आळस चालत नाही. वैशाखात एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा; वरची चांगली माती आणि कुजलेले शेणखत घालून मृगापूर्वी भरावा. आंब्याची कोय आणि जांभळाची बी यांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच नष्ट होते, म्हणून फळ खाल्ल्यावर ती जपून न ठेवता पहिल्या पावसाबरोबरच खड्ड्यात लावावी. एकाच खड्ड्यात दोनतीन लावून सशक्त ते राखावे. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे, कारण गावात शेळीच्या तोंडून जे वाचले तेच झाड होते. पहिले तीन उन्हाळे आळ्यात पाणी द्यावे. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात वात घातलेला मातीचा माठ रोपाशेजारी पुरून भरून ठेवला तर थोड्या पाण्यात काम भागते. आळ्यात धानाचे तणस पसरावे, परंतु ते खोडाला चिकटू देऊ नये, कारण तणसाबरोबर उधई येते.

वाचकहो, धान कापणीला येते तेव्हा झाडीपट्टी अजून हिरवी असते. म्हणून त्या दिवसांत कोणत्याही झाडाची निवड करू नका. येत्या वैशाखात एखाद्या दुपारी तीन वाजता आपल्या गावातून एक फेरी मारा, कोणत्या झाडाखाली गुरे आणि माणसे बसलेली आहेत ते पाहा, आणि ते झाड कशा जमिनीत उभे आहे ते ध्यानात ठेवा. मग घराच्या पश्चिमेस आठनऊ मीटर मोजून खड्डा खणा, आणि मृगाचा पाऊस येताच त्यात गावरान आंब्याची एक कोय किंवा जांभळाची एक बी लावा.